जोडी जुळली की झाकण

माणूस तोंड उघडून बसला की दातांच्या डॉक्टरांचे हात शिवशिवायचे, आणि इंजिन उघडं दिसलं की त्याहून जास्त. गेलं वर्षभर अक्कांच्या घरामागच्या शेडमध्ये डॉक्टरांची दोन माणसांची बसकी लाल स्पोर्ट्स कार ठाण मांडून होती, आणि ते तिच्या इवल्याशा इंजिनाला टर्बो बसवत होते.

अक्का म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. उभा जन्म चौथीच्या वर्गाला शिकवण्यात गेलेला. शेड त्यांची.

"हे टर्बो म्हणजे काय, ते नीट सांग बघू," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या. "पण माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकाला कळेल असं."

डॉक्टरांनी सांगितलं. इंजिन धूर बाहेर टाकतं. तो धूर जाता जाता एक छोटं चाक फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक असतं, ते बाहेरची ताजी हवा दाबून नळीतून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून जोर जास्त.

"म्हणजे घरातून निघालेल्या पाहुण्याला जाता जाता गिरणी फिरवायला लावायची, आणि त्याच पिठावर पुढच्या पाहुण्याला जेवू घालायचं," अक्का म्हणाल्या. "चिक्कूपणा आहे, पण हुशारीचा."

आता इंजिन जोडायचं म्हणजे त्याची डझनभर तोंडं महिनोन्‌महिने उघडी राहतात. त्यात एखादा नट पडला की संपलंच. दवाखान्यात उघड्या दातात कापसाचा बोळा ठेवायची डॉक्टरांची जुनी सवय. पण कापसाचे तंतू सुटतात. म्हणून त्यांनी स्वतःचे मोजे वापरले. जोडीतला एक मोजा इंजिनाच्या तोंडात, दुसरा भिंतीवरच्या दोरीला चिमट्यात. मोजा बाहेर काढला की दोरीवरच्या जोडीदाराबरोबर त्याची गाठ मारायची आणि मगच ते तोंड बंद करायचं. दोरीवर एकटा मोजा दिसतोय तोवर एक मोजा इंजिनाच्या पोटात आहे, हे समजायचं. 'जोडी जुळली की झाकण' असा नियमच त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता.

"लोकांच्या घरी मोजे हरवतात," त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "आमच्याकडे इंजिन घालतं."

सगळं मजेत चाललं होतं, तोच अक्कांना मातीची भांडी घडवायचा नाद लागला. त्यांनी भट्टी मागवली. भट्टी आली, आणि जागा नाही म्हणून व्हरांड्यात प्लास्टिक पांघरून बसली. मग अक्कांनी निकाल दिला. रविवारी दुपारी बाराच्या आत गाडीने अक्कांना बसवून मागचा चढ चढायचा, थेट वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. चढली तर शेड कायमची डॉक्टरांची. नाही चढली तर गाडी भंगारात आणि भट्टी आत.

"अक्का, भंगारात कशाला? दुसरी जागा बघतो की."

"वर्षभर बघतोच आहेस. बारा म्हणजे बारा."

रविवारी सकाळी शेवटची नळी जोडायची तेवढी राहिली होती. दोरीवर एकच तपकिरी मोजा लोंबत होता. तेवढ्यात फोन आला. सुजलेला गाल घेऊन कुणीतरी दवाखान्यात येऊन बसलं होतं. डॉक्टरांनी अंगात पांढरा कोट चढवला, हाताला लागलं ते पायात घातलं आणि धूम ठोकली. तासाभराने धापा टाकत परत आले तर दोरी रिकामी!

"झालं की!" ते आनंदाने ओरडले. "सगळ्या जोड्या जुळल्या!" त्यांनी नळी जोडली, क्लॅम्प आवळले, किल्ली फिरवली. इंजिन मांजरासारखं गुरगुरलं.

साडेअकराला अक्का गाडीत बसल्या. बसल्या म्हणजे, भरल्या. टर्बोमुळे बॉनेट बसत नव्हतं, ते शेडमध्येच ठेवलं होतं. बायको रस्त्याकडेला घड्याळ बघत उभी राहिली.

सपाटीवर गाडी छान धावली. चढ लागला, डॉक्टरांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिन सर्दी झाल्यासारखं घरघरायला लागलं.

"पाहुणा गिरणी फिरवत नाही वाटतं," अक्का म्हणाल्या.

"फिरवतोय गं! पीठ कुठं जातंय तेच कळत नाही!" डॉक्टरांनी पाय आणखी दाबला. फट्ट! नळी सुटली, इंजिनातून काहीतरी उडालं आणि अक्कांच्या समोरच्या काचेवर थप्पकन चिकटलं. इंजिन बंद पडलं.

दोघंही काचेकडे बघत राहिले. तेलाने माखलेला तपकिरी मोजा हळूहळू खाली घसरत होता.

"हिनेच!" डॉक्टर उसळले. "हिनेच दोरीवरचा काढून धुवायला टाकला असणार! हजारदा सांगितलंय, मोज्यांना हात लावू नकोस!"

बायको चढ चढून येऊन पोचलीच होती. तिने त्यांच्या पायांकडे बोट केलं. एका पायात निळा मोजा होता. दुसऱ्या पायात तपकिरी.

"अगं," डॉक्टर म्हणाले.

"अगं नाही, अहो," बायको म्हणाली. "पंचवीस मिनिटं राहिलीत."

डॉक्टर खाली उतरले. नळीत डोळा घालून पाहिलं, आरपार स्वच्छ. ती जागेवर ढकलली. पण क्लॅम्पचा स्क्रू आवळायचा कशाने? पाने-पक्कड सगळं शेडमध्ये. त्यांनी कोटाचे खिसे उलटे केले, तर दातात भरायचं मिश्रण कालवायची चपटी पट्टी निघाली. ती स्क्रूच्या खाचेत अशी बसली, जणू त्याच कामासाठी जन्मली होती.

ते धावत गाडीत शिरणार, तोच अक्कांनी दार धरलं. "थांब. नियम काय आहे?"

"अक्का, वेळ बघ!"

"भिंतीवर कुणी लिहिलाय?"

चौथीतल्या मुलासारखी मान खाली घालून डॉक्टर रस्त्याच्या कडेला बसले. बूट काढला, तपकिरी मोजा काढला, काचेवरच्या मोज्याबरोबर त्याची गाठ मारली आणि ती जोडी अक्कांच्या हातात दिली.

"शाब्बास. चल आता."

या खेपेला पाय दाबला तेव्हा आधी बारीकशी शिट्टी ऐकू आली आणि मग पाठीत कुणीतरी दणका घातल्यासारखी गाडी सुटली. अक्का सीटमध्ये रुतल्या. "अगं आई गं!" त्या किंचाळल्या, आणि मग, "थांबू नकोस रे! अजिबात थांबू नकोस!" टाकी आली तेव्हा बाराला सात कमी होते. मोज्यांची जोडी अक्कांनी झेंड्यासारखी उंच धरली होती.

"शेड तुझी," धाप आवरत त्या म्हणाल्या.

"आणि भट्टी?"

"राहील व्हरांड्यात. कुठं पळून जातेय? आता खाली चल, आणि पुन्हा एकदा वर. या वेळी मी चालवणार."

डॉक्टरांनी निमूटपणे अक्कांशी जागा बदलली. अक्कांनी आरसा नीट केला, पदर खोचला आणि किल्लीला हात घालता घालता थांबल्या.

"एक सांग. ब्रेकच्या नळीत नाही ना घातलास कुठला मोजा?"

डॉक्टरांनी आपल्या पायांकडे पाहिलं. एक उघडा. दुसऱ्यात निळा, एकटा.

"अक्का," ते म्हणाले, "दोन मिनिटं उतर बघू."