शेपटीकडच्या कामाचं टेबल

मित्रांनो, जनावरांच्या दवाखान्यातली ही मागची खोली. खिडकीशी पुठ्ठ्याची खोकी रचलेली दिसतात ना, त्यांच्याखाली मी आहे. तपासणीचं एक जुनं टेबल. वर पत्रा, खाली चार लोखंडी पाय. त्यातला एक जरा आखूड आहे, म्हणून त्याच्याखाली कागदाची घडी सरकवलेली आहे. माझी गोष्ट सांगायची तर आणखी एका टेबलाबद्दल बोलावं लागेल. ते मला मुळीच आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मला एका वेल्डरने घडवलं. माझे चारही कोपरे त्याने कानशीने घासून गोल केले. ‘मुक्या जिवाला लागायला नको,’ असं तो स्वतःशीच म्हणाला. डॉक्टरबाईंनी दवाखाना उघडला तेव्हा त्यांच्याकडे एक खुर्ची, एक कपाट आणि मी, एवढंच सामान होतं. अठरा वर्षं मांजरं, ससे, कुत्रे, एकदा तर पाय मोडलेलं बदक, सगळे माझ्याच अंगावर उभे राहिले. ‘टेबल भक्कम आहे हो,’ असं लोक म्हणायचे आणि मी आणखी ताठ व्हायचो.

मग ते दुसरं टेबल आलं. बटण दाबलं की घूं करत वर जाणारं, जमिनीला टेकेल इतकं खाली येणारं, अंगावर मऊ रबर. जनावर उभं राहिलं की त्याचं वजनही आपोआप दाखवायचं. पहिल्याच दिवशी सगळे त्याला ‘अरे वा!’ म्हणाले. मला अठरा वर्षांत कुणी ‘अरे वा’ म्हटलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. पण एक काम माझ्याकडे राहिलं. दवाखान्यातल्या मदतनीस मावशी म्हणाल्या, “बाई, ते शेपटीकडचं काम नव्यावर नको. वास बसेल त्याला.”

ते काम काय, ते सांगतो. कुत्र्याच्या शेपटीखाली दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढ्या दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत कुजक्या मासळीसारख्या वासाचा रस साठतो. एरवी तो शी करताना आपोआप बाहेर पडतो. कधी कधी मात्र अडकतो. मग डॉक्टरबाई हातमोजे घालून, हलक्या हाताने पिशव्या रिकाम्या करतात.

असाच एके दिवशी भोपळ्या नावाचा कुत्रा आला. नावाप्रमाणेच गोल, पाय बोटभर. त्याला घेऊन आलेले आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे.

“डॉक्टर, हा घरभर बूड घासत फिरतोय,” ते म्हणाले. “नातीला वाटलं नाचतोय. आम्ही आपले टाळ्या वाजवत बसलो!”

डॉक्टरबाईंनी पिशव्या रिकाम्या केल्या. वासाने मावशींनी तोंड फिरवलं. भोपळ्याने मात्र हुश्श केलं आणि डॉक्टरबाईंपुढे जोरजोरात शेपूट हलवली. आजोबा बारकाईने बघत होते. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पुढच्या दोन महिन्यांत तो दोनदा आला. आला की आधी माझा पाय हुंगायचा. तो रस म्हणजे कुत्र्यांची नावाची पाटीच असते. किती पुसलं तरी माझ्या पायांवर सगळ्यांच्या पाट्या राहिल्या होत्या, आणि भोपळ्या त्या सावकाश वाचायचा. नव्या टेबलाकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. त्याच्याकडे रबर होतं, पण माझ्याकडे भोपळ्या होता.

मग तो यायचा बंद झाला. एक महिना गेला, दोन गेले. पुढच्या खोलीतलं घूं घूं ऐकून माझ्या पोटात दुखायचं. एकदा मी मनात म्हटलं, त्याच्या पिशव्या पुन्हा भरू देत. मित्रांनो, हे सांगताना मला आज लाज वाटते.

आणि एका सकाळी भोपळ्या आला. त्याला बसता येत नव्हतं. शेपटीखाली एका बाजूला लालभडक गळू झालं होतं. मावशींनी त्याला माझ्यावर ठेवायला उचललं आणि तो असा किंचाळला की माझा पत्रा थरथरला.

“खाली ठेवा त्याला!” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पुढे घ्या. नवं टेबल खाली करा.”

उघड्या दारातून मला सगळं दिसलं. ते टेबल जमिनीपर्यंत आलं. भोपळ्या आपल्या पायांनी त्याच्यावर चढला आणि ते अगदी हळू वर गेलं. मला वाकता येत नाही. त्या क्षणी मला त्या टेबलाचा जेवढा हेवा वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता.

“आजोबा, घरी काही केलंत का?”

आजोबा म्हणाले, “दर रविवारी पिळत होतो. तुमचं बघून. माझे हात बारीक कामाला सरावलेले आहेत, म्हटलं जमेल.”

“दर रविवारी?”

“न चुकता.”

“अहो, न चुकता किल्ली घड्याळाला देतात, कुत्र्याला नाही! दाबून दाबून आत सूज आली, वाट बुजली आणि पू झाला.”

आजोबा आपल्या हातांकडे बघत राहिले. “खरं सांगू? बरं वाटलं की तो तुमच्यापुढे शेपूट हलवायचा. मला वाटायचं, एकदा माझ्यापुढे हलवावी.”

म्हणजे या दवाखान्यात जळणारा मी एकटाच नव्हतो. आजोबांनी निदान कबूल तरी केलं. भोपळ्याचं दुखणं मागून घेतलं होतं मी, आणि मला ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी गळू फोडून धुतलं. गोळ्या दिल्या, कोमट पाण्याने शेकायला सांगितलं, चाटू नये म्हणून गळ्यात पसरट कॉलर घातली. “वजन उतरवा, खाण्यात चोथा वाढवा,” असंही बजावलं. त्या दिवसापासून शेपटीकडचं कामही नव्या टेबलावरच होऊ लागलं. वास त्याला काही बसला नाही. आणि माझ्यावर खोकी आली.

आज सकाळी मावशी म्हणाल्या, “बाई, हे जुनं आता उगाच जागा अडवतंय.”

“उद्या भंगारवाल्याला बोलवा,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मित्रांनो, उद्या मी नसेन, म्हणून आजच सांगतो. तुमचा कुत्रा बूड घासत फिरला, सारखं मागे चाटू लागला, तर टाळ्या वाजवू नका. त्याला दुखत असतं. स्वतः पिळायलाही जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तो शेपूट कुणापुढे हलवतो, हे मोजत बसू नका.

दुपारी भोपळ्या लस टोचून घ्यायला आला होता. सडपातळ झालाय, ओळखू येईना. नव्या टेबलावर चढला, उतरला, आजोबांपुढे शेपूट हलवली. मी बघितलं आणि सवयीने जळलो. पण बाहेर जाता जाता त्याने पट्ट्याला हिसका दिला आणि तडक मागच्या खोलीत आला. माझा आखूड पाय त्याने बराच वेळ हुंगला. मग मागची तंगडी वर केली आणि त्याच्यावर झकास सही केली.

“अरे मेल्या!” म्हणत मावशी फडकं आणायला धावल्या आहेत.

मावशी, सावकाश या हो. त्या नव्यावर अजून कुणीही सही केलेली नाही.