इंजिनाने श्वास कुठून घ्यावा

मे महिना म्हणजे आमच्याकडे मेंढ्या व्यायचे दिवस. माणसाला धड जेवायला फुरसत नसते. आणि नेमक्या त्याच धामधुमीत माझ्या नवऱ्याने शेडचं दार उघडून जीपवरची ताडपत्री ओढून काढली. मी तेव्हा एका अडलेल्या मेंढीपाशी कोपरापर्यंत बरबटून बसले होते.

"ओडूर, आत्ता?" मी तिथूनच विचारलं.

"आत्ता," तो म्हणाला. "हिवाळाभर धाडस झालं नाही, रानवेग. आज झालंय, तर करू दे."

रानवेग म्हणजे मी. मी हातातली मेंढी मोकळी केली, कोकराचं नाक पुसलं आणि पुढचीकडे वळले.

ती जीप सप्टेंबरपासून तिथे पडून होती. आमचा मुलगा सिंद्री तिच्यात बुडून गेला.

सिंद्री आमचा एकुलता एक. तिशीचा होता, बापासारखाच यंत्रवेडा, आणि बापापेक्षा जरा कमी हट्टी. म्हणजे तसा बराच हट्टी. दर सप्टेंबरला आमच्या खोऱ्यातली माणसं घोड्यांवरून डोंगरात जातात आणि उन्हाळाभर मोकाट चरलेल्या मेंढ्या हाकत खाली आणतात. त्यांचं जेवणखाण, तंबू, कोरडे कपडे घेऊन मागून एक जीप जाते. ते काम सिंद्रीचं होतं. त्या वेळी कोमट पाऊस लागून राहिला होता, वरचा बर्फ वितळत होता आणि नदी फुगली होती. पलीकडे भिजलेली, उपाशी माणसं त्याची वाट बघत होती. तो पाण्यात उतरला. मधोमध जीप थांबली, आणि मग नदीने ती वळणापलीकडे नेली. सापडली तेव्हा सिंद्री आपल्या सीटवरच होता.

हे पलीकडच्या काठावरून पाहिलं ते बेर्गूरने. बेर्गूर आमचा शेजारी, मेंढ्या आणायला जाणाऱ्यांचा म्होरक्या. त्या म्होरक्याला आमच्याकडे डोंगरचा राजा म्हणतात, आणि बेर्गूर ते नाव जरा मनावर घेऊनच वागतो. त्या संध्याकाळी मात्र तो माझ्या स्वयंपाकघरात ओल्या कपड्यांनी उभा होता आणि त्याला बसायचंही सुचत नव्हतं.

"इंजिन बंद पडलं असावं," तो म्हणाला. "नदीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. तुषारही एवढे उडत होते की धड दिसेना. पण गाडी थांबली, ओडूर. नंतर एकदम गेलीच. त्याला कळलंही नसेल बघ."

बेर्गूरचं ते बोलणं आम्ही दोघांनी वाटून घेतलं. 'त्याला कळलंही नसेल' एवढं मी उचललं आणि त्याच्या आधाराने हिवाळा काढला. 'इंजिन बंद पडलं' एवढं ओडूरने उचललं.

कारण ते इंजिन त्याने बांधलेलं होतं. जुनं जपानी डिझेल, भंगारातून आणलेलं. त्याने ते पार सुटं करून, नव्या रिंगा घालून, टर्बो बसवून आमच्याच शेडमध्ये उभं केलं होतं. पण त्याची खरी ऐट होती ती हवेच्या नळीची. गाडीच्या इंजिनाला हवा घ्यायचं तोंड बॉनेटखाली असतं. तिथे पाणी शिरलं की खेळ आटोपला. म्हणून लोक ती नळी बाहेरून वर नेतात, तर हिमवादळात ती बर्फाने बुजते. ओडूरने ती सरळ गाडीच्या आत घेतली, ड्रायव्हरच्या डोक्यामागे, छताला लागून. लोक लांबून ती बघायला यायचे आणि माझी कॉफी पिऊन जायचे.

"जिथून माझा पोरगा श्वास घेणार, तिथूनच माझं इंजिन घेणार," ओडूर त्यांना सांगायचा. आणि सिंद्रीला सांगायचा, "इंजिन चालू आहे तोवर गाडी सोडायची नाही. ते चालू असलं की तू घरी येणार."

आमच्या गावात बातम्या शिजतात त्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या हौदात. माणसं गळ्यापर्यंत पाण्यात बसतात आणि तोंड तेवढं मोकळं ठेवतात. नाताळच्या सुमाराला मी तिथे गेले होते, तेव्हा माझ्याकडे पाठ करून बसलेला एकजण म्हणाला, "शेवटी ओडूरच्या इंजिनाने दगा दिलाच." मी उठले, अंग पुसलं आणि पुन्हा त्या हौदाकडे फिरकले नाही. हे मी ओडूरला सांगितलं नव्हतं. पण त्याला ते सांगायला कोणी लागत नव्हतं. तो स्वतःलाच ते रोज ऐकवत होता. माझ्याशी बोलणं त्याने जवळजवळ टाकलं होतं. जेवायला बसायचा आणि ताटात रेघोट्या ओढत राहायचा. मुलगा गेला तो गेला, आता नवराही घरातल्या घरात हरवत चालला होता, आणि मला तो परत हवा होता. म्हणून त्याने ताडपत्री काढली तेव्हा मला ती परत ओढून घालावीशी वाटली. इंजिन खोललं आणि त्यात त्याची स्वतःची चूक निघाली, तर पुढे काय, हे मला दिसत होतं.

इंजिन गंजून जाम झालं होतं. वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं तर आत नदीचा राखाडी गाळ, दळलेल्या पिठासारखा बारीक. पिस्टन हलेनात. ओडूर लाकडाचा ठोकळा ठेवून वरून हातोडा घालायचा, तेल सोडायचा, थांबायचा, पुन्हा घालायचा. मी मेंढ्यांकडे जाताना आणि येताना तो आवाज ऐकायचे. आवाज थांबला की मीही थांबायचे.

एक दिवस दुपारी तो थांबला आणि पुन्हा सुरू झालाच नाही. मी सूप ढवळत होते. ओडूर बुटांसकट आत आला आणि पिस्टनचा दांडा, ज्याला रॉड म्हणतात तो, माझ्या टेबलावर ठेवला. मला यंत्रातलं फारसं कळत नाही, पण तो दांडा वाकलेला होता हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"दोन वाकलेत," तो म्हणाला. "बंद इंजिनात हे होत नाही. पिस्टनला पाणी दाबता येत नाही ना, मग दांडा वाकतो. पण त्यासाठी इंजिन जोरात फिरत असावं लागतं."

"म्हणजे?"

"म्हणजे ते बंद पडलं नव्हतं. शेवटपर्यंत चालत होतं. चाकांखालची वाळू वाहून गेली असेल, गाडी रुतली असेल. इंजिन नाही थांबलं, रानवेग."

मी तिथेच रडायला लागले. रडता रडताच त्याला वाढलं, आणि तो जेवला; मटण, बटाटे, सगळं. पुन्हा मागून घेतलं. त्या रात्री मला गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गरम हौदात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दांडे वाकलेत. ज्यांना अर्थ कळत नसेल त्यांनी माझ्या नवऱ्याला येऊन विचारावं." मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ते बरं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही. ओडूर सुटे भाग आणायला शहरात गेला होता, म्हणून मी पाण्याचा पाइप घेऊन जीप आतून धुवायला काढली. सीटवर, पायाखाली, सगळीकडे तोच गाळ. ड्रायव्हरच्या डोक्यामागची ती नळी धुवायला मी हात वर केला आणि हात वर असतानाच मला ते कळलं.

इंजिनाने पाणी गिळलं ते इथून. छतापासून. म्हणजे पाणी इथवर चढेपर्यंत ते चालत होतं. आणि पाणी काही एका क्षणात इथवर चढलं नाही. आधी घोटे, मग गुडघे, मग छाती. तेवढा वेळ माझा पोरगा या सीटवर बसून होता. खिडकी होती, छतावर चढता आलं असतं, काठावर दोरखंड घेतलेली माणसं होती. पण इंजिन चालू होतं. बापाचं इंजिन होतं, आणि बापाने सांगितलं होतं. तो पाय दाबून बसला असणार, आता निघेल, आता निघेल म्हणत, आणि फिरणारी चाकं स्वतःखालचीच वाळू उकरत होती. इंजिन आधी मेलं असतं तर तो बाहेर पडला असता.

'त्याला कळलंही नसेल' हे माझं एवढंसं होतं, तेही गेलं.

मी नळी धुतली, सीट पुसली आणि ठरवलं की हे ओडूरला कधीही कळता कामा नये. मला माझा नवरा वाकलेल्या दांड्यामुळे परत मिळाला होता. तो मी घालवणार नव्हते.

उन्हाळा असाच गेला. गवत कापलं, गोळा केलं. ओडूरने इंजिनाचा ब्लॉक घासून घेतला, नवे दांडे, नवे पिस्टन बसवले. बेर्गूर मधूनमधून यायचा. सप्टेंबरला डोंगरात न्यायला दुसरी जीप नव्हती, आणि ओडूर हीच देतो म्हणाला होता. "या वेळी मीच चालवीन," बेर्गूर म्हणायचा. "घोड्यावर बसून आता राजाची कंबर जाते." ओडूर हसायचा. मीही हसायचे, आणि हसताना त्याच्या तोंडाकडे निरखून बघायचे, की याला काही सुचत तर नाही ना.

ऑगस्टच्या अखेरीस त्याने इंजिन जीपमध्ये उतरवलं. मी कॉफी घेऊन गेले तर बॉनेट उघडं होतं. हवेच्या नळीचं तोंड खाली, हेडलाइटच्या मागे बसवलेलं होतं. कारखान्यातून गाडी येते तेव्हा असतं तिथेच. ड्रायव्हरच्या डोक्यामागचं भोक त्याने पत्रा लावून, वेल्डिंग करून बुजवलं होतं.

मी कप ठेवला.

"हे काय केलंस?"

"आधी इंजिन मरू दे," ओडूर म्हणाला. तो माझ्याकडे न बघता नळीचा क्लॅम्प आवळत होता. "माणूस कोरडा असतानाच मरू दे. मग तो उतरेल तरी."

"कधी कळलं तुला?"

"दांडा हातात घेतला तेव्हाच."

"आणि माझ्यासमोर बसून जेवलास? मागून मागून?"

"तू रडत होतीस आणि वाढत होतीस. इतक्या महिन्यांनी तुझा चेहरा जरा उजळला होता. तेव्हा काय सांगणार होतो, की मीच त्याला बसवून ठेवलं म्हणून?" त्याने पाना खाली ठेवला. "तुला कधी कळलं?"

"नळी धुताना."

"हं," तो म्हणाला. "धुतलेली दिसली मला. वाटलंच होतं."

मग आम्ही दोघं जीपच्या पायरीवर बसलो आणि थंड होईपर्यंत ती कॉफी तशीच राहिली. तो माझा हात धरून रडला, पहिल्यांदाच. तुझी चूक नाही असं मी म्हणाले नाही. तो मानला नसता, आणि मलाही ते पुरतं खरं वाटत नव्हतं.

लोक यायचे ते येतच राहिले, आणि बॉनेटखाली बघून कॉफी न घेताच परतायचे. एकजण म्हणाला, "ओडूर, ही तर बाजारहाटाची गाडी झाली की रे. म्हातारा झालास." ओडूर म्हणाला, "झालो असेन." मला त्या माणसाच्या डोक्यावर किटली ओतावीशी वाटली.

सप्टेंबरमध्ये बेर्गूर सामान भरून निघाला. आदल्या दिवशीच पाऊस झाला होता. ओडूर दिवसभर अंगणातच होता. लाकडं फोडून झाली तरी फोडतच होता. मी खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले आणि सूप दोनदा करपवलं.

दुपार कलता कलता जीप परत आली. बेर्गूर दार आपटून उतरला तो शिव्या देतच.

"ही कसली गाडी बांधलीस रे? बंपरला पाणी लागलं नाही तोच खोकायला लागली. कशीबशी मागे घेतली मी. पोरं नदीपलीकडे झोपडीत सुके मासे चघळत बसलीत, आणि मी, डोंगरचा राजा, नदीला घाबरून घरी आलोय. सगळं खोरं हसेल मला."

"सकाळी पाणी उतरेल, तेव्हा जा," ओडूर म्हणाला. "आता आत ये."

बेर्गूर आला, बसला, आणि खाता खाताही इंजिनाच्या नावाने बोटं मोडत राहिला. ओडूर त्याच्यासमोर बसून सगळं ऐकून घेत होता आणि एका शब्दानेही उलटून बोलत नव्हता. करपलेलं सूप बेर्गूरने वाडगाभर संपवलं आणि आणखी मागितलं. मी वाढायला वाकले तेव्हा मला त्याच्या स्वेटरचा वास आला, कोरड्या लोकरीचा. आमचा सिंद्रीही असाच आला असता, बापाच्या इंजिनाला शिव्या घालत, आणि मी त्याला म्हणाले असते की आधी ते बूट बाहेर काढून ये.