आंघोळीआधी सांगून जा

चंद्रभान मिस्त्री कधीच खोटं बोलत नसे असं कुणी म्हणणार नाही. ‘उद्या सकाळी येतो’ म्हणाला की परवा संध्याकाळी उगवायचा. पण गॅसच्या बाबतीत त्याने उभ्या आयुष्यात खोटं सांगितलं नव्हतं. गळती असली तर मोठ्या साहेबाच्या घरची शेगडीही बंद करून निघून यायचा, मग साहेब कितीही लाल होवो. आता चौऱ्याऐंशी साली नागपुरातल्या बऱ्या घरांतून गॅसचे गिझर लागू लागले होते, आणि शेगड्यांबरोबर त्यांचीही दुरुस्ती त्याच्याकडे आली होती.

त्या जानेवारीत तो धंतोलीत कुसुमताईंकडे गेला. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, घरात एकट्या. गिझर नीट पेटत नाही अशी तक्रार होती. चंद्रभानने न्हाणीघरात शिरून आधी वर पाहिलं. झरोक्यात तरटाचं पोतं कोंबलेलं होतं. ज्योत पिवळी, आणि गिझरवर बोटभर काजळी.

“हे पोतं काहून कोंबलं, बाई?”

“थंडी केवढी आहे, बघताय ना.”

“या जाळाले हवा पाहिजे. तुम्हाले बी पाहिजे. झरोका बंद, दार बंद, मंग सारी हवा हाच खाते अन् विषारी वायू सोडते. त्याले वास नाही, काही नाही. माणूस बसल्या जागी पेंगते, अन् उठतच नाही.”

त्याने पोतं ओढून काढलं, काजळी झाडली, बर्नरची भोकं सुईने मोकळी केली, नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं. ज्योत निळी झाली. मग त्याने गिझरवाल्या प्रत्येक घरी म्हटलेला आपला पाठ म्हटला, “झरोका उघडा ठेवा. बादली भरली का गिझर बंद, मंग आंघोळ. आतून कडी लावू नका. अन् आंघोळीले जाण्याआधी घरात कोणाले तरी सांगून जा.”

“कुणाला सांगू?” कुसुमताईंनी विचारलं.

कुरकुर नव्हती त्यात. वर्गातल्या मुलाला उत्तर विचारावं तसं त्यांनी विचारलं. आजवर हा प्रश्न कुणी केलाच नव्हता. चंद्रभानची नजर स्वयंपाकघरात गेली. एक ताट, एक कप, एकच पाट. महाल भागातल्या त्याच्या खोलीतही एवढंच सामान होतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी रामटेकला दिलेली. आपण तरी कुणाला सांगतो, असं त्याच्या मनात आलं आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही.

“या भिंतीपलीकडे कोण राहते?”

“रंभाबाई. आमचं बोलणं नाही. सात वर्षं झाली. त्यांच्या कुलरचं पाणी माझ्या वाळवणावर सांडलं होतं.”

चंद्रभान हत्यारं तिथेच टाकून शेजारी गेला. रंभाबाईंची मुलं भिलाईला, त्याही घरात एकट्याच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बाई तांब्यानं भित ठोकतीन,” चंद्रभान म्हणाला. “तुम्ही इकडून ठोकून उत्तर द्यायचं. आंघोळ झाली का त्या पुन्हा ठोकतीन. पाव घंट्यात आवाज नाही आला तं धावत जायचं. मागचं दार त्या उघडं ठेवतीन.”

“आमचं बोलणं नाही, भाऊ.”

“बोलू नका ना. फक्त ओढून बाहेर काढा.”

रंभाबाईंनी थोडा विचार केला आणि खलबत्त्यातला बत्ता उचलून आपल्या न्हाणीघरात नेऊन ठेवला.

पुढे उन्हाळा आला. नागपूरच्या मे महिन्यात छपरावरची टाकीच इतकी तापते की लोक रात्री भरून ठेवलेल्या पाण्याने सकाळी आंघोळ करतात. गिझरकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पण चंद्रभानच्या डोक्यातून ते न्हाणीघर जात नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर तो कुणी न बोलावता, ‘उद्या येतो’ची भानगडच न ठेवता, लांब नळी घेऊन धंतोलीत हजर झाला. गिझर मागच्या उघड्या गॅलरीत लावायचा, आत नुसतं गरम पाणी न्यायचं, असं त्याने ठरवलं होतं.

गिझर उतरवून उघडला तर बर्नरवर कोळ्याने घर केलेलं, भोकं धुळीने बुजलेली. होळीनंतर तो एकदाही पेटलेला नव्हता. चंद्रभान ब्रश घेऊन गॅलरीत साफ करत बसला, तेवढ्यात पलीकडच्या गॅलरीतून रंभाबाई डोकावल्या.

“बरोबर चालून राहिलं ना गा, मिस्त्रीभाऊ? रोज सातले ठोकतात बाई. एक दिवस चुकवला नाही. मे महिन्यात बी नाही.”

“मे महिन्यात बी?” चंद्रभान ब्रशला लागलेल्या कोळ्याच्या जाळ्याकडे पाहत म्हणाला.

“मले समजते, टाकीचंच पाणी घेत असतीन,” रंभाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “पण ठोकल्यावर उत्तर नाही द्यायचं का?”

दुपारपर्यंत गिझर बाहेर लागला. ज्योत निळी, पाणी कडक. चंद्रभान खुशीत येऊन म्हणाला, “झालं, बाई. जाळ बाहेर, धूर बाहेर. आता जोखीम संपली.”

कुसुमताई न्हाणीघरात नळाखाली हात धरून उभ्या होत्या. त्यांनी हात काढला, पदराला पुसला, पुन्हा पुसला.

“म्हणजे आता सांगायला नको?”

कोनाड्यात तांब्या होता. त्याचं बूड चेपलं होतं, आणि भिंतीचा रुपयाएवढा गिलावा उडाला होता. चंद्रभानने उडालेल्या गिलाव्यावरून बोट फिरवलं.

“सांगा तं लागते,” तो म्हणाला. “बाहेर असला तरी सांगा लागते. कंपनीचा नियम हाये.”

“उन्हाळ्यातसुद्धा?”

“उन्हाळ्यात तं जास्तच.”

“नियम आहे म्हटल्यावर पाळायलाच हवा,” कुसुमताई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.

गॅसच्या बाबतीत बोललेलं ते त्याचं पहिलं खोटं. सायकलवरून परतताना त्याला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महालातल्या खोलीत त्याने मोरीत बादली भरून ठेवली. दुसऱ्यांच्या घरी गरम पाणी करून देणारा हा माणूस स्वतः बाराही महिने थंड पाण्यानेच आंघोळ करी. तांब्या उचलला आणि त्याचा हात थांबला. भिंतीपलीकडे सरकीचं गोदाम होतं. तिथे दुपारपर्यंत कुणी फिरकत नसे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

“मी आंघोळीले जाऊन राहिलो,” तो मोठ्याने म्हणाला.

आपलाच आवाज त्याला परका वाटला, आणि फार एकटं वाटलं. त्याने तांब्या भिंतीवर दोनदा हळूच ठोकला, कान देऊन थोडा वेळ उभा राहिला, आणि मग थंड पाणी अंगावर घेतलं.