कौलाचा गुंडा

मी दर महिन्याला बाहेर बसायची थांबले, हे घरात सर्वांत आधी इरम्माअक्कांनी ओळखलं. थोरली जाऊ; नजर बारीक. मालक जाऊन वर्ष उलटलेलं. विधवेची पाळी चुकली तर गावाला दुसरं कारण सुचत नाही.

त्यात त्यांनी मला पहाटे गोठ्यामागं पाहिलं. जात्याची वरची तळी छातीशी धरून मी उठबस करत होते.

"हे कशापायी गं? पाडायला?"

तळी खाली ठेवून मी कानांवर हात ठेवले. "अक्का, लोहाऱ्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगितलंय. पाळी जायच्या वयात हाडं ठिसूळ होतात. सोसायटीची गिरणी आली, दळण सुटलं. आता अंगाला भार द्या म्हणाल्या. आधी बत्ता उचलला, मग ही तळी."

"हेच मरिआईफुडं सांग."

मंगळवारी मला देवळात उभं केलं. तिथं कौल लावायचा काळा गुंडा आहे, गोल जड दगड. बोलणं खरं असेल तर तो उचलला जातो, खोटं असेल तर जागचा हलत नाही, अशी रीत. न हलला तर मला माहेरी धाडायचं, माझी लेक इथंच ठेवून घ्यायची, असं ठरलेलं.

"माझ्या पोटात पाप नाही," म्हणाले आणि वाकले. गुंडा छातीपर्यंत आला. बायका उदो उदो करू लागल्या. मलाच शंका आली. हा देवीनं उचलला, की तळीनं? रोज एकभुक्त राहायचं, दुष्काळात प्यायच्या तांब्यातलं पळीभर पाणी तुळशीला घालायचं, आणि देवीपुढंच हे लपवायचं? गुंडा ठेवून सांगून टाकलं, "मी रोज एवढा भार उचलते."

"बघा! देवीला फसवाया तालीम केली सटवीनं!" अक्का ओरडल्या.

पूजा करणाऱ्या धुरपदाबाई म्हाताऱ्या, पण जीभ तिखट. "इरम्मा, तू खरं बोलतीस न्हवं? मग उचल की."

अक्का पदर खोचून वाकल्या. गुंडा हलला नाही. पुन्हा वाकल्या, आणि कंबर धरून खालीच बसल्या.

"म्हंजे तू लबाड का?" धुरपदाबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तिला लेकीजवळ. पोट असलं तर दिसंल की. लपतंय व्हय?"

परतताना मी अक्कांचा हात धरला. त्यांनी झटकला नाही. मागंपुढं कुणी नाही असं बघून, माझ्या पोटाकडंही एकदा बघून, त्या हळूच म्हणाल्या, "माझीबी दिवाळीपासनं आली न्हाय. तरी चार दिवस बाहेर बसती म्या. न्हायतर म्हातारी झाली म्हणत्याल."

मी चालता चालता थांबले.

"उद्या पहाटं तळी उचलाया मलाबी उठीव. पर आत, दार लावून. लोकं काय बी म्हणत्यात."