तीन टिंबांची टोपी

चमचा फरशीवर पडला, दोनदा वाजला आणि ओट्याखाली जाऊन गप्प झाला.

मुलीच्या पाठीवरचा हात तिने काढला नाही. थोपटणं एकदम थांबवलं तरी जाग येते, घाईने थोपटलं तरी येते. मुलीने ओठ हलवले, कूस बदलली आणि उशीत तोंड खुपसून परत झोपली. स्वयंपाकघरातून बाबांचा दबका आवाज येत होता. ते चमच्याला रागावत होते.

तिने दार हलकेच ओढून घेतलं. दुपारची ही झोप म्हणजे तिचा कामाचा वेळ. घराला लागूनच गॅरेज होतं, आणि मधल्या दाराचा उंबरा बाबांनी कधीचाच काढून टाकला होता, इंजिनाची ढकलगाडी अडायला नको म्हणून. जुन्या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करून देणं हा बापलेकीचा धंदा. पत्रा, रंग, गाद्या तिच्या. इंजिन बाबांचं. ही वाटणी कुणी बसून केली नव्हती, पण कधी मोडलीही नव्हती.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. वॉशरकाकांशी भांडायला जायचं होतं, आणि भांडायला जाताना ते नेहमी इस्त्रीचा शर्ट घालत. वॉशरकाका म्हणजे त्यांचे जुने दोस्त, सुट्या भागांचे दुकानदार. काहीही विकत घ्या, वर मूठभर वॉशर फुकट देणार, लागोत की न लागोत. गावभर तेच नाव पडलं होतं.

"जुना माल गळ्यात मारला माझ्या," बाबा म्हणाले. "खोकं नवं, आत बेअरिंग जुनं. मी आल्यावर इंजिन उघडतो. तू हात लावू नकोस."

तिने मान हलवली. त्यांच्या शर्टाचं गळ्याखालचं बटण उघडंच होतं. ती पुढे होऊन ते लावू लागली, तेव्हा त्यांनी एरवी करत तशी कुरकुर केली नाही. मान वर करून उभे राहिले.

फाटक वाजलं तशी ती गॅरेजमध्ये गेली.

गाडी बाईंची होती. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. तरुणपणी त्या याच गाडीवर गाडी चालवायला शिकल्या होत्या आणि आता, सगळ्यांनी नको म्हणत असताना, तिच्यातूनच पुन्हा फिरायचं त्यांनी ठरवलं होतं. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची गाडी. कामाला वर्ष लागलं. नेली तेव्हा बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून निरोप दिला होता, एखाद्या मुलीसारखा. आठवडा उलटला नाही तोच गाडी दोरीला बांधून परत आली. चढाच्या मधोमध तिने मान टाकली होती आणि मागे भरलेला ट्रक होता. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं.

बाई रागावल्या नव्हत्या. "आतून कुणीतरी दार ठोठावतंय असा आवाज येत होता," एवढंच त्या म्हणाल्या. "कोण आहे ते तुम्हीच बघा."

आता ते इंजिन गाडीतून काढून लोखंडी घोडीवर टांगलेलं होतं. तिने खालचं तेलाचं चेंबर उघडलं. तेलात बारीक चमक होती, कुणी सोनेरी भुकटी टाकावी तशी. ती झिजलेल्या धातूची असते हे तिला माहीत होतं. तिने पाना लावला आणि बोल्ट एकेक करून सैल केले.

प्रत्येक पिस्टनला एक दांडा असतो, रॉड. त्याचं खालचं टोक इंजिनाच्या फिरत्या कण्याला, क्रँकला, मिठी मारतं. मिठीचा वरचा अर्धा भाग रॉडचा, खालचा अर्धा म्हणजे कॅप. रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्रच कोरलेली असतात, म्हणून एकाची कॅप दुसऱ्याला बसल्यासारखी वाटते, पण बसत नाही. केसाएवढा फरक राहतो आणि तो केसच इंजिन खातो. म्हणून बाबा इंजिन खोलताना टोकदार पंच ठोकून दोन्हीवर बारीक टिंबं मारत. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असं. मग जोडताना बघायचीही गरज नाही. अंगठा फिरवायचा, कळतं. ज्याला उजेड लागतो त्याने घड्याळं दुरुस्त करावीत, असं ते म्हणत. तिला त्यांनी असंच शिकवलं होतं. फडक्याखाली कॅप ठेवायची आणि विचारायचं, कितवी? बरोबर आलं की तेलकट बोट नाकाला लावायचं. लग्नात तिच्या मैत्रिणींनी हळदीपेक्षा ग्रीस लवकर चढतं म्हणून चेष्टा केली होती ती उगाच नव्हती.

दुसऱ्या रॉडवर दोन टिंबं होती. त्याच्या कॅपवर तीन.

तिने तिसऱ्या रॉडची कॅप काढली. दोन.

तिने अंगठा फिरवून पाहिला. मग दिवा जवळ ओढला. मग हात पुसून परत अंगठा फिरवला, जणू हात मळका असल्यामुळे टिंबं कमी-जास्त होत असतील. मिठीच्या आत बसणाऱ्या बेअरिंगचा राखाडी थर झिजून आतलं तांबं उघडं पडलं होतं. जोडणी झाल्यावर क्रँक फिरवताना जड लागतोय असं ती त्या दिवशी म्हणाली होती, ते तिला आठवलं. बाबा हसले होते. नवं आहे, जरा आखडणारच, नव्या जावयासारखं.

ती स्टुलावर बसली. परवा बाबांच्या हातून चहाचा पेला घेताना तिला असा चटका बसला की पेला सांडता सांडता राहिला होता. बाबा तोच पेला दोन्ही हातांत धरून दारात कितीतरी वेळ गप्पा मारत उभे होते. रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, बोटं बधिर होतात का? माझी? असं म्हणून बाबा डॉक्टरांची खुर्ची कुठे करकरते ते दाखवून आले होते.

आतून हाक आली. मुलगी उठली होती. तिने कॅप फडक्यावर मांडल्या, ज्याची त्याच्या समोर, आणि हात धुवायला गेली.

संध्याकाळी बाबा परतले ते वॉशरकाकांना घेऊनच. भांडण दुकानातच संपलं असावं, कारण बाबांचा चेहरा जेवून उठलेल्या माणसासारखा होता. इंजिन उघडलेलं त्यांनी पाहिलं. नात अंगणातून झोका द्या म्हणून ओरडत होती, तिकडे गेले. काका नव्या बेअरिंगचं खोकं घेऊन आत आले. त्यांनी खिशातलं माप काढून जुनं बेअरिंग मोजलं, परत मोजलं, आणि माप मिटलं. मग त्यांची नजर फडक्यावर गेली. टिंबांची भाषा त्यांनाही येत होती.

"माल बरोबर होता, काका," ती हळू आवाजात म्हणाली.

"माहीत आहे मला. माझ्या दुकानातला माल मला माहीत नसेल?"

"मग त्यांना हो का म्हणालात?"

काकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. झोका वर जात होता आणि बाबा उगाचच धापा टाकण्याचं सोंग करत होते.

"माझ्यावर ओरडला नसता तर स्वतःवर ओरडला असता," काका म्हणाले. "मला सवय आहे. त्याला नाही."

कोपऱ्यात ताडपत्रीखाली पुढचं काम उभं होतं. डोंगरातल्या दवाखान्याची जुनी जीप. वरच्या वस्त्यांवरून बाळंतिणींना खाली आणणारी. तिचं इंजिन बाबा याच महिन्यात उघडणार होते. काकांनी ताडपत्रीचा कोपरा उचलून पाहिला आणि खाली सोडला.

"सांगेन मी," ती म्हणाली.

"सांग."

जाताना त्यांनी मूठभर वॉशर टेबलावर ठेवले.

क्रँक घासून, चकचकीत होऊन परत येईपर्यंत मध्ये काही दिवस गेले. त्या सगळ्या दिवसांत ती सांगणार होती. एकदा चहाच्या वेळी सुरुवात केली तर बाबा म्हणाले, तुझा चेहरा असा का, जावईबापूंशी भांडलीस का फोनवर? एकदा भाजी निवडताना ठरवलं, पण तेवढ्यात नात त्यांच्या पाठीवर चढली. एकदा तर शब्दही जुळवले होते. बाबा, बेअरिंग नव्हे, कॅप. चारच शब्द. पण बाबा खिडकीशी उभे राहून दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर घासत होते, थंडी वाजल्यासारखी, आणि बाहेर कडक ऊन होतं. ती आल्या पावली परत फिरली. पाळण्यातलं मूल उठेल की काय म्हणून माणूस वळतो, तशी.

त्या वळण्यातच तिला लख्ख कळलं की तेही काहीतरी सांगणार आहेत आणि त्यांचेही दिवस असेच चालले आहेत.

जोडणीच्या सकाळी ती मुलीचे केस विंचरत होती. एक वेणी झाली होती तेवढ्यात गॅरेजमधून हाक आली.

"ए मिरची, इकडे ये जरा. परीक्षा आहे तुझी."

मुलगी एका वेणीनिशी पळाली. ती फणी घेऊन मधल्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. बाबा खाली सतरंजीवर बसले होते. रॉड समोर ओळीने मांडलेले, आणि सगळ्या कॅप एका परातीत, केरोसिनमध्ये धुतलेल्या, एकत्र. तिने ज्याची त्याच्या समोर ठेवलेली मांडणी त्यांनी मोडली होती. हे त्यांनी का केलं ते तिला क्षणभर कळेना. मग कळलं. लेकीने लावून दिलेलं इंजिन त्यांना जोडायचं नव्हतं.

"या टोप्या आहेत," बाबा नातीला सांगत होते. "प्रत्येकाला आपलीच टोपी लागते. दुसऱ्याची घातली की डोकं दुखतं. आता ही बघ. अंगठा फिरव. किती टिंबं?"

"चार."

बाबांनी कॅप हातात घेतली, अंगठा फिरवला, डोळे मिटले, जसे पूर्वी मिटत.

"बरोब्बर. ही चौथ्याची. ही?"

"एक!"

"शाबास. तुझ्या आईला इतक्या लवकर यायचं नाही. आई तुझी फार गोंधळ घालायची."

दारातल्या आईने हे ऐकलं आणि तिला हसू आलं. हसता हसता डोळे भरले ते तिने फणी धरलेल्या हाताच्या मनगटाने पुसले. त्यांना माहीत होतं तर. सगळं माहीत होतं. कुणी कुणाला काही बोलायची वेळच न येऊ देता त्यांनी वाट काढली होती. स्वतःच्या बोटांच्या जागी त्यांनी नातीची बोटं घेतली होती, आणि वर त्याला परीक्षा म्हटलं होतं. इतके दिवस तिच्या खांद्यांवर ते ओझं होतं. ते उतरल्याचं तिला खांद्यांतच कळलं.

"जीपलाही हिलाच घेऊन बसणार मी," बाबा दाराकडे न बघता म्हणाले. ती उभी आहे हे त्यांना कळलं होतं. "पोरगी हुशार आहे. तू आपली रंगाचं बघ."

"बरं," ती म्हणाली.

परात रिकामी झाली. कॅप आपापल्या रॉडसमोर ओळीत बसल्या. बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि बाईंना फोन करायला आत गेले. गाडी रविवारी तयार होईल, आता कुणी दार ठोठावणार नाही, असं ते सांगत होते, आणि त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखा भरदार झाला होता.

मुलगी केरोसिनचे हात फ्रॉकला पुसत आली आणि पाठ करून तिच्यापुढे उभी राहिली. तिने राहिलेल्या केसांचे तीन पेड केले.

"आई, मी ना एक गंमत केली."

"काय गं?"

"आजोबा सारखं बरोब्बर, बरोब्बर म्हणत होते. म्हणून मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. तीन टिंबांची टोपी होती, मी दोन म्हणाले. आणि दोनवालीला तीन."

पेड तिच्या बोटांत थांबले.

"मग?"

"आजोबांनी अंगठा फिरवला, डोळे मिटले, आणि म्हणाले, बरोब्बर. दोन्ही वेळा."

आत बाबा मोठ्याने हसले. बाई पलीकडून काहीतरी बोलल्या असाव्यात. सतरंजीवर कॅप ओळीने चमकत होत्या. बोल्ट अजून आवळायचे होते.

मुलीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आता आजोबांना कोण सांगणार? मी, की तू?"