खालून अकरावी पायरी

थोरल्याने गुडघे टेकले आणि जिन्याच्या कठड्यातल्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. मागे बॅग घेऊन उभ्या असलेल्या बायकोने विचारलं, की खोली बघायची आहे की जिन्यावरच मुक्काम करायचा आहे.

दीडशे वर्षांच्या त्या अतिथिगृहाचा जिना त्याच्या धाकट्या भावाने दुरुस्त केला होता. दोघेही सुतार, वडिलांच्याच हाताखाली शिकलेले. वडील गेल्यावर धाकट्याने वेगळं दुकान थाटलं आणि बघता बघता या नदीकाठच्या गावापर्यंत त्याचं नाव झालं. आता होडीच्या धक्क्यावरच्या जुन्या तिकीटघराचं कामही अतिथिगृहाच्या मालकीणबाई त्यालाच देणार होत्या. त्याआधी जिन्याच्या कामावर कुणा जाणत्याचं मत हवं, असं त्या म्हणाल्या, तेव्हा धाकट्यानेच सुचवलं होतं, की दादाला बोलवा. तो बरं म्हणाला तरच मला काम द्या.

थोरल्याला यात नुसता तोरा दिसला. दादाला दोष सापडणारच नाही, एवढी खात्री? मग काढूनच दाखवू, असं ठरवून तो आला होता. याला जळणं म्हणतात हे त्याला कळत होतं. कळल्याने फरक काही पडत नव्हता.

दुपारी बायकोने त्याला गाव बघायला बाहेर काढलं. झुलत्या पुलावर ती मध्यापर्यंत जाऊन पाणी बघत राहिली. हा पुलाच्या फळ्यांचे खिळे तपासत होता. घड्याळाच्या मनोऱ्यात शंभर पायऱ्या चढूनही त्याने नदीकडे धड पाहिलं नाही. छोट्या वस्तुसंग्रहालयातला रखवालदार तर अंगात आल्यासारखा बोलत होता. अतिथिगृहात उतरलात ना, मग तो जिना बघितलात का, जुनं कुठलं न् नवं कुठलं सांगून दाखवा. थोरल्याचं तोंड कडू झालं. चहासुद्धा न घेता तो परत फिरला.

"तुम्हाला त्याचं काम वाईट निघायला हवंय," वाटेत बायको म्हणाली.

"मला खरं काय ते बघायचंय."

"बघा हो. पण जरा कमी दात खाऊन बघा."

खरं काय ते त्याला संध्याकाळी सापडलं. खालून अकरावी पायरी. तिच्या कडेला रंधा लाकडाच्या रेषांच्या उलट मारलेला होता, त्यामुळे तंतू उपटून निघाले होते, आणि एका टोकाला सांध्यातली फट लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवून वेळ मारून नेली होती. थोरल्याला इतकं बरं वाटलं, की तो क्षणभर त्याच पायरीवर बसून राहिला. मग त्याने मालकीणबाईंना बोलावणं धाडलं.

"हे शिकाऊ हाताचं काम आहे," तो शक्य तितक्या दुःखी आवाजात म्हणाला. "चला, खालून दाखवतो."

जिन्याखालच्या अडगळीत बाईंनी विजेरी धरली. वडिलांच्या दुकानात एक दंडक होता: वस्तू ज्याने केली, त्याने तिच्या न दिसणाऱ्या बाजूला आपली खूण करायची. धाकट्याची खूण छोटा त्रिकोण. तो दाखवला की पुढे बोलायला जागाच उरणार नव्हती.

पायरीच्या पोटाला पेन्सिलीच्या दोन उभ्या रेघा होत्या. पुसट, पण ओळखू येणाऱ्या.

ती थोरल्याची स्वतःची खूण होती. सोळाव्या वर्षी वडिलांनी त्याच्याकडून पहिली पायरी करून घेतली होती आणि कुठेतरी नेऊन बसवली होती. कुठे, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि यानेही विचारलं नव्हतं.

"ही एक बदला म्हणून मी तुमच्या भावाच्या मागेच लागले होते," बाई म्हणाल्या. "ऐकेनात. म्हणाले, ही राहू द्या, मी खालून आधार देतो. का, ते काही बोलले नाहीत."

आता त्याला आधार दिसला. पायरीच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या, आत सरकवून लाकडी खुंट्यांनी धरलेल्या, एकही खिळा नाही. असं काम थोरल्याच्या हातून उभ्या जन्मात झालं नव्हतं. त्याने पट्ट्या पुढून, मागून, बोटांनी चाचपून पाहिल्या. त्रिकोण कुठेच नव्हता.

"मग तिकीटघराचं काय करू?" बाईंनी विचारलं.

"त्यालाच द्या."

बाई बाहेर गेल्या. विजेरी थोरल्याने मागून घेतली होती. तो अजूनही जळतच होता, उलट जरा जास्तच. त्याने खिशातली पेन्सिल काढली, विजेरी दातांत धरली आणि उजवीकडच्या पट्टीवर एक छोटा त्रिकोण काढला. एक बाजू वाकडी आली. ती त्याने तशीच ठेवली.