तपाच्या विजेवरची गाडी

संध्याकाळी गावातली लाईट गेली आणि तेजोनाथ महाराजांची गाडी लखलखली. देवळासमोरच्या पटांगणात बसलेल्या सगळ्या गर्दीनं एकदम हात जोडले.

गाडी एस.टी.एवढी लांब, पांढरीशुभ्र. खिडक्यांना मखमली पडदे, टपाच्या कडेनं भगव्या पताकांची दाट झालर. आत महाराजांचा पलंग, फ्रीज आणि एसी. त्या एसीचं पाणी मागच्या चाकापाशी थेंबथेंब गळत होतं आणि आमच्या वाडीतल्या बायका ते ओंजळीत धरून तीर्थ म्हणून पीत होत्या. मला शिसारी आली. शेजारच्या बाईला मी म्हणाले, "अगं, ते मशीनचं पाणी आहे." ती म्हणाली, "बाई, तुमी शाळेत शिकवा. हितं नगं."

महाराजांचा एक शिष्य माइक घेऊन फिरत होता. "माउल्यांनो, खाली वाकून बघा. गाडीला एक तरी वायर लावलीय का? जनरेटरचा आवाज येतोय का? न्हाई. मग ही लाईट कुठनं आली?"

"महाराजांकडनं," गर्दी म्हणाली.

मग महाराज पायरीवर आले. गोरेपान, तुळतुळीत, अंगावर रेशमी उपरणं. "बेटा, कंपनीची वीज खांबावरून येते," ते म्हणाले. "आमची वीज नाभीतून येते. बारा वर्षं हिमालयात बसलो, तेव्हा हा करंट अंगात उतरला." त्यांनी समोर ठेवलेल्या ताटातला एक बल्ब उचलला, अंगठा जिभेला लावून ओला केला आणि बल्बच्या बुडाला टेकवला. बल्ब पेटला. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तसले तीन बल्ब माझ्या स्वयंपाकघरात आहेत. साताऱ्याच्या बाजारात कुठंही मिळतात. आत छोटी बॅटरी असते. बुडाच्या दोन टोकांना ओलं बोट लागलं की बल्ब पेटतो. दुसऱ्या दिवशी मी त्यातला एक वर्गात नेला आणि सातवीच्या एकूणएक पोरानं तो पेटवून दाखवला. सुट्टीत एक आई शाळेत आली आणि हात जोडून म्हणाली, "बाई, महाराजांची शक्ती आमच्या पोरात बी उतरली म्हणायची." अशा वेळी रडावं की भिंतीवर डोकं आपटावं, ते कळत नाही.

मी इथल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. त्या गाडीत काय असणार हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, कारण तसलीच एक गाडी, पण गरिबाघरची, आमच्या दारात उभी आहे. माझे यजमान जयराज फौजेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि आत फळ्या ठोकून, गादी टाकून, फिरतं घर केलं. सुरुवातीला आम्ही घरातली जुनी ॲसिडची बॅटरी आणि एक स्वस्तातला इन्व्हर्टर तिच्यात बसवला. पंखा फिरला, आम्ही खूश झालो. मिक्सर लावला तर तो नुसता घुरघुरला, गरम झाला, आणि थोड्या वेळात सगळंच बंद पडलं. मग वाचत, विचारत, चुकत आम्ही शिकलो. चांगली लिथियमची बॅटरी घेतली, घरच्या विजेसारखीच वीज देणारा इन्व्हर्टर घेतला, टपावर सोलरचं एक पॅनल टाकलं, गाडी चालली की इंजिनावर बॅटरी भरावी अशी सोय केली. एवढं केल्यावर मिक्सर नीट चालायला लागला. त्यात हिमालयाचा कुठंही संबंध आला नाही.

हे मी शेजारच्या तानूकाकींना सांगितलं. सांगायची गरज होती, कारण त्यांचे यजमान दादासो अण्णा ऑक्सिजनच्या मशीनवर होते. अण्णांनी उभी हयात परमुलखात गलाईच्या दुकानात काढली. सोनं-चांदी गाळायची भट्टी, ॲसिडचा धूर, खिडकी नसलेली खोली. फुप्फुसं पार वाळून गेली. आता ते मशीन चोवीस तास लागायचं. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारं ते मशीन विजेशिवाय चालत नाही. लाईट गेली की घरचा जुना इन्व्हर्टर ते थोडा वेळ ओढायचा, आणि तोही थकला तर कोपऱ्यात एक सिलिंडर ठेवलेला असायचा.

महाराजांनी तानूकाकींना सांगितलं होतं, "माई, तुमच्या घरची वीज अशुद्ध आहे. हजार घरांची पापं तारेतून येतात. म्हणून हा माणूस बरा होत नाही. याला माझ्या करंटमध्ये ठेवा. महिन्याभरात नळी गळून पडेल."

"काकी, त्या गाडीत बॅटऱ्या आहेत," मी म्हणाले. "बॅटरी संपते. अण्णांना तिथं नेऊ नका. नेलंच, तर सिलिंडर तरी जवळ ठेवा."

"सिलिंडर ठिवला तर इश्वास न्हाई असं हुतं, म्हणलेत म्हाराज." त्या पदराशी चाळा करत होत्या. "रेश्माबाई, तुमच्या गाडीत एसी चालतो का?"

"नाही चालत. आमची बॅटरी लहान आहे."

"मग. त्यांच्यात चालतो." ज्या बाईनं नवऱ्याचा एकेक श्वास कानानं मोजत रात्री काढल्या आहेत, तिला कुणी नळी सुटेल म्हणून सांगितलं, तर ती ऐकणारच. संताप तिचा येत नाही. तिची ती आशा हेरून तिच्यावर जाळं टाकणाऱ्याचा येतो.

अण्णांची बाज गाडीच्या कडेला, कनातीच्या आडोशाला आली. मशीनची वायर गाडीच्या अंगावरच्या प्लगमध्ये गेली. पहिले काही दिवस अण्णा खरंच खुलले. मोकळी हवा, भोवती माणसं, मशीन अखंड चालू. बातमी औंधपर्यंत गेली, वडूजला गेली. गर्दी वाढली. लोक गाडीच्या चाकांना टेकून मुक्काम करायला लागले.

तिथंच गणित बिघडलं. आधी महाराज रोज पहाटे गाडी घेऊन यमाईच्या डोंगराला प्रदक्षिणा घालून यायचे. इंजिन चालायचं, बॅटऱ्या भरायच्या. आता चाकापाशी माणसं झोपलेली, गाडी हलवायची सोय राहिली नाही. त्यात आभाळ भरून आलं आणि ऊन दिसेनासं झालं.

त्या दुपारी आरती चालू असताना गाडीच्या पोटातून बारीक आवाज यायला लागला. टीं, टीं, टीं. शिष्य माइकवर म्हणाला, "ऐका. अनाहत नाद सुरू झाला." लोक नादाला नमस्कार करायला लागले. बॅटरी उतरत आली की आमचा इन्व्हर्टरही हेच बोंबलतो. मी जयराजांना फोन केला आणि बस देवळापाशी आणायला सांगितली. मग गर्दीतून वाट काढत त्या शिष्याला गाठलं.

"तुमची बॅटरी संपत आलीय. आतला एसी बंद करा, नाहीतर अण्णांचं मशीन बंद पडेल."

त्यानं माइक बाजूला धरला. "बाई, तुमाला नाद कळायचा न्हाई," तो म्हणाला आणि आत गेला. त्याच्या पाठोपाठ टाळ जोरात वाजायला लागले.

थोड्या वेळानं टीं टीं थांबली. त्याच क्षणी अण्णांच्या मशीननं एक लांब किंकाळी फोडली आणि ते गप्प झालं.

अण्णा उठून बसले. दोन्ही हातांनी बाजेची कड धरून हवा ओढायला लागले, आणि हवा काही मिळेना. ओठ निळे पडले. तानूकाकी गाडीच्या दारावर हात मारत होत्या. "म्हाराज, करंट सोडा. म्हाराज, आवं, करंट सोडा."

दार उघडलं. महाराज पायरीवर उभे राहिले. अण्णांनी बाजेची कड सोडून त्यांना हात जोडले. "पूर्वकर्म आडवं आलं, माई. आणि इथं कुणीतरी अविश्वासानं पाहतंय," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. एक माणूस समोर गुदमरत होता आणि ह्या माणसाचा आवाज प्रवचन सांगावं तसा संथ होता.

तेवढ्यात जयराजांनी बस थेट कनातीला भिडवली. जयराज, मी आणि गर्दीतले दोघं, अशा चौघांनी बाज उचलली, मशीन आत घेतलं, वायर आमच्या इन्व्हर्टरला लावली. मशीन धडधडायला लागलं. नळीतून हवा आली. अण्णांच्या ओठांवरचा निळा रंग हळूहळू उतरला. मग अण्णांनी तानूकाकींचा हात धरला. जयराजांनी वडूजच्या दवाखान्यात फोन करून ठेवला आणि निघायच्या आधी अण्णांची छाती जरा शांत व्हायची वाट बघत थांबले.

मी बसमधून खाली उतरले तेव्हा महाराजांच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी माझी नजर गेली. एसीचं पाणी गळतच होतं.

देवस्थान कमिटीचे अध्यक्ष जोतिबा पाटील तिथं उभे होते. महाराजांना गावात त्यांनीच आणलं होतं. मी त्यांना बोटानं दाखवलं. "पाटील, करंट गेला ना? मग एसी कुणाच्या पुण्याईवर चाललाय?"

पाटलांनी पाण्याकडं बघितलं. मग पायरीवर चढले. शिष्य आडवा आला, त्याला एका हातानं बाजूला केलं आणि आत गेले. क्षणभरानं दारात आले. "आत गारठा हाय," एवढंच म्हणाले. "बाई, वर या."

पलंगाची फळी उचलल्यावर खाली सगळं होतं. ओळीनं मांडलेल्या लिथियमच्या बॅटऱ्या, मनगटाएवढ्या वायरी, भला मोठा इन्व्हर्टर, बाजूला स्विचांची पाटी. वाडीतला नाथाजी टपावर चढला आणि पताकांच्या आडून ओरडला, "हितं समदं सोलर पसरलंय, खालनं दिसंना असं." स्विचांच्या पाटीवर प्रत्येक स्विचखाली चिकटपट्टी होती. 'महाराज एसी' चालू होता. 'बाहेरचा पॉइंट' बंद होता. तो आपोआप पडलेला नव्हता, हातानं खाली केलेला होता.

"कुणी बंद केला?" पाटलांनी विचारलं.

शिष्य म्हणाला, "म्हाराजच म्हणले. बॅटरी थोडीच ऱ्हायली हुती. त्यास्नी गरमी सोसत न्हाई."

लबाडी मला अपेक्षित होती. पण एका बाजूला माणसाचा श्वास आणि दुसऱ्या बाजूला आपला घाम, एवढा सरळ हिशोब समोर असताना ज्याचं बोट श्वासाच्या स्विचकडं वळलं, त्याच्या एसीचं पाणी आमची माणसं तीर्थ म्हणून प्यायली होती.

"हे केवळ माध्यम आहे," महाराज सुरू झाले. "शक्ती तर..."

"गप बसा," तानूकाकी म्हणाल्या. त्या बसच्या दारात उभ्या होत्या. आवाज चढवलेला नव्हता. "माझा नवरा हात जोडत हुता तुमाला, म्हाराज. गुदमरत असताना जोडत हुता."

मी पायरीवरून लोकांना सांगितलं. अवघड नव्हतंच काही. "बॅटरी म्हणजे घरावरची टाकी. ऊन आणि इंजिन ती भरतात. इन्व्हर्टर वीज बनवत नाही. टाकीतली वीज तो घरच्या उपकरणांना चालेल अशी करून देतो, एवढंच. टाकी मोठी असली तर आवाज नाही, धूर नाही, वायर नाही, आणि एसी चालतो. भरली नाही तर ती संपते. तुम्ही ज्याला नाद म्हणून नमस्कार केला, तो टाकी संपल्याचा भोंगा होता." कुणी मान वर करून बघत नव्हतं. पाटलांनी महाराजांना जाऊ दिलं नाही, पोलीस येईपर्यंत दारातच बसून राहिले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली फिर्याद त्यांनीच दिली.

अण्णा दवाखान्यातून परत आले. नळी सुटलेली नाही, सुटणारही नाही, हे डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगितलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. जयराजांनी त्यांच्या घरचा इन्व्हर्टर बदलून दिला, मशीनला पुरेल अशी बॅटरी बसवली, सिलिंडर पुन्हा कोपऱ्यात ठेवला. बसवताना तानूकाकी शेजारीच उभ्या होत्या. "ही कशानं भरती?" त्यांनी विचारलं. मग, "लाईट गेल्यावर कवर पुरंल?" मग, "संपाया आली तर मला कसं कळंल?" जयराजांनी भोंगा वाजवून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाजवायला लावला. आता दर आठवड्याला त्या स्वतःच मेन स्विच पाडतात, घड्याळाकडं बघत बसतात आणि बॅटरी किती टिकते ते तपासतात. अण्णा कुरकुरतात, पण त्या ऐकत नाहीत.

एवढंच करायचं असतं. कुणी वीज दाखवो, औषध दाखवो की देव दाखवो, त्याला तानूकाकींचे हे तीन प्रश्न विचारा. ज्याच्याकडं उत्तर असेल तो राग न धरता देईल. जो म्हणेल की विचारलंत तर विश्वास नाही असं होतं, त्याच्या हाती आपल्या माणसाच्या श्वासाचा स्विच देऊ नका.